पत्रा, मोटर आणि वळीव : इंदूरच्या एका कूलर कारखान्याचे तीन उन्हाळे

२०२३च्या मे महिन्यात मामांच्या गोदामात गेलो तेव्हा आत उभं राहायला जागा नव्हती. कूलर तीन-तीनच्या थरांत छपराला टेकलेले आणि वर पत्र्यावर वळीव वाजत होता. एरवी त्या आवाजाने माणूस सुखावतो. मामा म्हणाले, "ऐकतोयस ना? एकेका थेंबाला व्याज लागतंय."

हे प्रकरण त्या कारखान्याचं. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतलं छोटं युनिट. पत्र्याच्या बॉडीचे कूलर बनवतात, माल माळवा, निमाड आणि खाली जळगाव-भुसावळपर्यंत खानदेशात जातो. मामा उत्पादन आणि डीलर सांभाळतात, मामी हिशेब. मी पीथमपूरला वाहनांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत उत्पादन नियोजन करतो. आमच्याकडे ग्राहक महिन्याचं वेळापत्रक पाठवतो, मग त्याला नावं ठेवत आम्ही ते पाळतो. मामांचं वेळापत्रक आभाळाकडून येतं. कारखान्याचं नाव देणार नाही, आणि मामांच्या सांगण्यावरून सगळे आकडे एकाच गुणकाने बदलले आहेत. आकड्यांची आपसातली प्रमाणं खरी आहेत.

धंदा कसा चालतो

कूलरचा सीझन फेब्रुवारीच्या मध्यात उघडतो आणि मृग लागला की संपतो. विक्रीचा साधारण दहावा हिस्सा फेब्रुवारीत, पाव हिस्सा मार्चमध्ये, उरलेलं एप्रिल-मेमध्ये. कारखान्याची ताकद मात्र वर्षभर एकसारखी: पत्रा कापणं, वाकवणं, पावडर कोटिंग मिळून दिवसाला ७० बॉडी. मेमध्ये दिवसाला शंभराच्या वर मागणी येते, म्हणजे दसऱ्यापासून बनवत जावंच लागतं. मागणी कळायच्या आत दोन तृतीयांश माल बनलेला असतो. प्रश्नाचं मूळ इथे आहे, बाकी सगळं त्याचीच पिल्लं.

कूलरला पावसाचा मार दुहेरी बसतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. वळीव पडला की ऊन उतरतं, हा पहिला मार. दुसरा हवेतल्या दमटपणाचा. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, म्हणून कूलर गार करतो. हवा आधीच ओली असेल तर वाफ फारशी होत नाही आणि गारवाही येत नाही. दुकानात उभा असलेला माणूस शेजाऱ्याच्या कूलरसमोर घामाघूम बसून आलेला असतो. तो "पुढच्या वर्षी बघू" म्हणतो आणि खरोखरच पुढच्या वर्षी बघतो. ते गिऱ्हाईक जूनमध्ये परत येत नाही.

त्यात इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर. 'शब-ए-मालवा' म्हणून इथल्या गार रात्रींचं कौतुक आहेच. कूलरवाल्याला ते कौतुक परवडत नाही. त्याचं पोट भरतं घाट उतरल्यावर, खरगोन-खंडव्यात आणि खानदेशात, जिथे रात्रीही भिंती तापलेल्या असतात.

मामांकडे तीन मापं: १६, १८ आणि २४ इंची पंखा. पॅड दोन प्रकारचे, घास आणि हनीकोम. बॉडीचे रंग तीन. गुणाकार केला की १८ प्रकार होतात. मामांना हे कधी १८ वाटलेच नाहीत. ते म्हणायचे, "तीनच तर मॉडेल आहेत."

२०२३ : फेब्रुवारीने दिलेली हूल

त्या वर्षी फेब्रुवारी भलताच तापला. देशाचं सरासरी कमाल तापमान १८७७पासूनच्या फेब्रुवारींमध्ये सर्वांत जास्त नोंदलं गेलं. आदल्या वर्षीचा मार्चही असाच कडक गेला होता आणि मामांचे ७,९०० नग विकले गेले होते. हवामान खात्याचा उन्हाळ्याचा अंदाजही सरासरीपेक्षा जास्त उष्णतेचा होता. डीलरांचे फोन सुरू झाले. ज्याला २०० हवेत तो ३०० सांगू लागला, कारण गेल्या साली मेमध्ये माल मिळाला नव्हता हे त्याच्या लक्षात होतं. वर दोन कारखान्यांना वेगवेगळी ऑर्डर दिली की कुठून तरी येईलच, हा हिशेब होताच.

मामांनी फेब्रुवारीत दुसरी पाळी लावली. सीझनभरात ९,६०० नग बनवले. मग मार्चच्या मध्यापासून अवकाळी सुरू झाला, एप्रिलमध्ये थांबून थांबून आला आणि मे उजाडला तोही पावसातच. विक्री झाली ५,७००. गोदामात ३,९०० उरले. एका नगाला ४,६०० रुपये खर्च धरला तर १ कोटी ७९ लाख रुपये छपराखाली उभे.

गिऱ्हाइकाच्या मागणीतली लहानशी लाट डीलर, घाऊक व्यापारी असं करत कारखान्यापर्यंत येईतो मोठी होते, हे १९५०च्या दशकाच्या अखेरीस एमआयटीत जे फॉरेस्टर यांनी दाखवून दिलं होतं. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला लहान मुलांच्या डायपरमध्ये हेच आढळलं. बाळं रोज तेवढेच डायपर वापरतात, तरी कारखान्याकडच्या ऑर्डरी हेलकावे खातात. याला चाबकाचा फटका म्हणतात: मूठ जरा हलते, टोक सपकन वाजतं. डायपरच्या टोकाला निदान बाळ तरी ठरलेलं असतं. इथे मूठसुद्धा आभाळाच्या हातात.

मला जास्त अस्वस्थ केलं ते मामींच्या ताळेबंदाने. त्यात त्या वर्षी नफा दिसत होता. उरलेला माल खर्चाच्या किमतीला मालमत्ता म्हणून लिहिला जातो, त्यामुळे न विकलेले ३,९०० कूलर कागदावर मजेत होते. त्यावर करही भरला. सीसी खातं, म्हणजे बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्जखातं, तळाला, मोटरवाल्याचं देणं थकलेलं, आणि सीए म्हणतात वर्ष बरं गेलं.

२०२४ : ताक फुंकून पिण्याचं वर्ष

पुढच्या हंगामात मामांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. गोदामात ३,९०० आहेत, मग ३,६०० बनवू, एकूण ७,५००. त्यातच कायद्याची एक नवी कळ फिरली. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मधल्या नव्या तरतुदीने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येईना. कायदा मामांसारख्यांच्या भल्याचा. पण डीलर हुशार निघाले. ३१ मार्चच्या आत देणं उभं राहू नये म्हणून त्यांनी फेब्रुवारी-मार्चची खरेदीच पुढे ढकलली. मामांनी त्याचा अर्थ लावला की बाजार थंड आहे, आणि पत्र्याची मार्चची खेप रद्द केली.

मग एप्रिल सरता सरता ऊन चढलं आणि मेमध्ये नुसती आग. २५ मेला रोहिणी लागायच्या आधीच गोदाम रिकामं. पूर्ण रिकामं मात्र नाही. २४ इंची, घासवाले, तपकिरी रंगाचे ४०० कूलर तसेच उभे होते आणि गिऱ्हाईक १८ इंची हनीकोम मागत होतं. विक्री ७,१००.

मामी दुपारी फोन घेतात. 'माल नाही' म्हणून परत पाठवलेली प्रत्येक ऑर्डर त्यांनी शाळेच्या चौरेघी वहीत लिहून ठेवली होती. बेरीज १,९००. मी ती वही घेऊन डीलरांना फोन केले. तीच मागणी दोनदा, तिघांकडून, असं पुष्कळ निघालं. ते वजा करून खरी हुकलेली मागणी १,२००च्या आसपास आली. म्हणजे २०२४ची मागणी ८,३०० होती आणि विक्री ७,१००. वही नसती तर पुढच्या सालच्या नियोजनात ७,१०० हाच आकडा 'मागणी' म्हणून बसला असता. विक्रीचं रजिस्टर फक्त झालेली विक्री सांगतं. दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक त्यात नसतं. ती वही या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा कागद, आणि ती लिहायला मामींना कुणी सांगितलेलं नव्हतं.

गंमत बघा. २०२४ला हुकलेला नफा १,२०० नग गुणिले नगामागे १,१०० रुपये, म्हणजे १३ लाख २० हजार. २०२३चा उरलेला माल सांभाळण्याचा तोटा ३५ लाखांच्या वर. पण मामा वर्षभर बोलत राहिले ते २०२४बद्दल. गोदामात पडून राहिलेलं दुःख हळूहळू झिरपतं. शेजारच्या युनिटमधून भरून जाणारे टेम्पो मात्र डोळ्यांसमोरून जातात.

हिशेब : किती की कुठवर

२०२४च्या दसऱ्याला मशीनची पूजा झाली, आपट्याची पानं वाटून झाली आणि मामांनी विचारलं, "सांग, औंदा किती बनवू?"

या प्रश्नाला जुनं उत्तर आहे. पेपरवाल्याने सकाळी किती अंक उचलावेत? कमी उचलले तर नफा हुकतो, जास्त उचलले तर रद्दी. बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी याचा असाच विचार एजवर्थ यांनी १८८८मध्ये मांडला होता, आणि १९५१मध्ये अ‍ॅरो, हॅरिस व मार्शॅक यांनी साठ्याच्या प्रश्नाला नीट गणिती रूप दिलं. सूत्र सोपं आहे. एक नग कमी पडल्याचा तोटा भागिले, कमी पडल्याचा आणि उरल्याचा मिळून तोटा. जे उत्तर येईल, तेवढ्या शक्यतेपर्यंतची मागणी भागेल इतका माल ठेवायचा.

१८ इंची कूलर धरू. खर्च ४,६००: पत्रा, कोटिंगसह बॉडीचं सामान १,९००, मोटर-पंखा १,२५०, पंप १५०, पॅड ३५०, वायर-स्विच-पॅकिंग ३५०, मजुरी ६००. डीलरला भाव ५,७००. कमी पडला तर १,१०० हुकतात. उरला तर? दहा महिन्यांचं १२ टक्क्यांनी व्याज ४६०, गोदामभाडं १२०, गंज काढणं, पॅड बदलणं, नवं पॅकिंग मिळून १७०, आणि 'जुना माल' म्हणून डीलर कापतो ते १५०. एकूण ९००. सूत्रात घातलं की १,१०० भागिले २,०००, म्हणजे ५५ टक्के. मधल्यापेक्षा जरासं वर.

आता मागणी. मामांना मी सरासरी विचारली नाही. "उन्हाळे किती जातींचे असतात?" एवढंच विचारलं. त्यांनी क्षणाचा विचार न करता तीन सांगितले. पावसाचा उन्हाळा: ६,०००. सरळ उन्हाळा: ७,६००. तापलेला: ९,०००. दहातले तीन, चार, तीन. हा अंदाज तीस वर्षांच्या धंद्याचा आहे, कुठल्या संगणकाचा नाही, आणि तो मी तसाच घेतला. ५५ टक्क्याला उत्तर येतं ७,६००.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर मामांनी मला चहा पाजून घरी पाठवलं असतं. ७,६०० तर तेही म्हणतच होते.

मी बॉडीचा हिशेब वेगळा मांडला. नुसती कोटिंग केलेली बॉडी, न जोडलेली, सुट्या पत्र्यांच्या गठ्ठ्यात बांधलेली. सामान १,९०० आणि मजुरी ३५०, म्हणजे २,२५० अडकले. उरली तर दहा महिन्यांचं व्याज २२५. गठ्ठा असल्याने जागा तिसऱ्या हिश्शाची, ४० रुपये. किरकोळ ३५. एकूण ३००. 'जुना माल' हा प्रश्नच येत नाही, कारण पॅड नवं, मोटर नवी, पेटीवरचं सालही नवं. कमी पडल्याचा तोटा घाईच्या फिटिंगची १०० रुपये जास्त मजुरी वजा करून १,०००. म्हणजे १,००० भागिले १,३००, ७७ टक्के. मामांच्या तीन उन्हाळ्यांत ७७ टक्के म्हणजे थेट तापलेला उन्हाळा: ९,०००.

तोच कूलर, तोच कारखाना, तीच अनिश्चितता. पूर्ण बनवला तर ७,६००वर थांबा, बॉडीवर थांबवला तर ९,०००पर्यंत जा. मामा बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोळ्या लाटून ठेवायच्या नाहीत. कणीक भिजवून ठेवायची." मामी आतून म्हणाल्या, "तीस वर्षं मी तेच करतेय, तेव्हा कुणी विचारलं नाही."

बेनेटनने अनेक वर्षांपूर्वी हेच केलं होतं: स्वेटर बिनरंगाचे विणून ठेवायचे आणि कुठला रंग चालतोय ते दिसल्यावर रंगवायचे. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "उरलेल्या स्वेटरांचं काय केलं?"

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पीथमपूरच्या सवयीने मीही आधी चुकलो होतो. वेगवेगळ्या अनिश्चितता एकत्र केल्या की एकमेकींना थोड्या खातात. तीन रंगांच्या मागण्या स्वतंत्रपणे शंभर-शंभरने हलत असतील तर बेरीज तीनशेने हलत नाही, १७३ने हलते. म्हणून मला वाटलं, खानदेश आणि निमाडचा साठा एकत्र ठेवला की झालं. मामांनी तोडलं: "पाऊस आला की दोन्हीकडे येतो रे." बरोबर होतं. अवकाळी पावसाची मोठी फळी आली की भुसावळ आणि खंडवा एकदमच भिजतात. तिथे एक जण दुसऱ्याला सावरत नाही. रंग, पॅड आणि मापाच्या बाबतीत मात्र सावरतो, कारण तपकिरी कमी गेला तर पांढरा जास्त जातो. म्हणजे आभाळाची जोखीम एकत्र करून कमी होणार नव्हती. तिथे फक्त थांबायचं ठिकाण बदलता येत होतं. प्रकारांची जोखीम मात्र कमी करता येत होती.

काय बदललं

बॉडीचा रंग एकच, पांढरट. रंगाची हौस पुढच्या जाळीच्या चौकटीवर, जी फिटिंगच्या वेळी चार स्क्रूंनी बसते. १६ आणि १८ इंचीला एकच मोटर चालावी म्हणून बसवायची पट्टी बदलली. यात कारागिराचं डोकं लागलं, माझं नाही. पॅड शेवटी बसवायचं.

मोटर भरून देणाऱ्याशी नवा ठराव झाला. ठाम मागणी ७,१५०. शिवाय १,५०० मोटरींसाठी तार आणि स्टॅम्पिंग (मोटरच्या गाभ्याचे पत्रे) तयार ठेवायचं, त्याचे नगामागे ६० रुपये आगाऊ, परत न मिळणारे. हवं तेव्हा दहा दिवसांत भरून मिळणार. मामांना हे ९०,००० रुपये फार टोचले. विम्याचा हप्ता टोचतो तसे.

डीलरचं बुकिंग आगाऊ रकमेशिवाय वहीत धरायचं नाही, हेही ठरलं. जानेवारीपर्यंत तोंडी बुकिंग ११,२०० होतं. नगामागे ३०० रुपये आगाऊ मागितल्यावर ते ४,१००वर आलं. डीलर रागावले. दोघे तुटलेही.

आणि चिठ्ठ्या. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनची स्पोर्ट ओबरमेयर ही स्कीचे कपडे बनवणारी कंपनी. तिच्या खरेदी समितीतल्या लोकांना एकत्र बसवून एकमत करण्याऐवजी प्रत्येकाचा अंदाज वेगळा घेतला गेला आणि त्यांच्यातली तफावत हेच अनिश्चिततेचं माप धरलं गेलं. मार्शल फिशर, अनंत रामन आदींनी त्या कामाबद्दल लिहिलं आहे. आम्ही मामा, मामी, कारखान्याचा सुपरवायझर, खंडव्याचा एक जुना डीलर आणि माल पोचवणारा ड्रायव्हर अशा पाच जणांकडून मापवार आकडे चिठ्ठीवर घेतले, एकमेकांना न दाखवता. १८ इंचीवर पाचही चिठ्ठ्या जवळजवळ. २४ इंचीवर सगळ्यात छोटा आकडा ७००, सगळ्यात मोठा २,१००. हा कूलर लग्नाचे हॉल आणि दुकानं घेतात, त्याचा भरवसा नाही. ठरलं: दसऱ्यापासून १६ आणि १८ इंची बॉडी कापायच्या, २४ इंचीला संक्रांतीनंतर हात लावायचा. ड्रायव्हरच्या चिठ्ठीवर मामा हसले होते. सीझन संपल्यावर सगळ्यात जवळचा आकडा त्याचाच निघाला. तो दुकानांच्या मागच्या खोल्या बघतो.

गेल्या सालचे ४०० धरून ९,०००, म्हणून बॉडी ८,६००. त्यातल्या शेवटच्या ६०० (सगळ्या २४ इंची) कापायच्या की नाही, ते १० मार्चला विक्री बघून ठरवायचं.

२०२५

आणि नेमकी १० मार्चलाच माझी चूक उघडी पडली.

माझ्या तक्त्यात फिटिंगची क्षमता दिवसाला ८०, गरज पडल्यास जादा माणसं लावून १५० लिहिली होती. मामांकडे फिटिंग करणारी निम्मी माणसं झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडची. होळी १४ मार्चला होती. तिच्या आधीचा आठवडा म्हणजे भगोरिया, तिकडच्या आदिवासींची होळीची जत्रा. त्या आठवड्यात पैसे दुप्पट करा, तिप्पट करा, माणूस थांबत नाही, थांबूही नये. होळी झाली की गव्हाची कापणी. फिटिंग दिवसाला ३५वर आली. पूर्वी हे चालून जायचं, कारण माल आधीच बनलेला असायचा. मी माल बॉडीवर थांबवला आणि सगळा भार अशा आठवड्यावर टाकला ज्यात हातच नव्हते. गठ्ठे भिंतीला लावलेले, मोटरी खोक्यांत, आणि डीलर फोनवर ओरडतोय. २००च्या आसपास ऑर्डरी शेजारी गेल्या.

त्याहून वाईट म्हणजे १० मार्चचा आकडाच वाचता येईना. विक्री कमी दिसत होती. मी म्हटलं थांबू, ८,०००वर बॉडी बंद. मामा म्हणाले, "विक्री कमी आहे की आपण बनवलं नाही म्हणून कमी आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आणखी ४०० बॉडी कापल्या. तो निर्णय नंतर महागात पडला, पण त्या दिवशीच्या माहितीवर मी तो चुकीचा म्हणणार नाही.

एप्रिलमध्ये ऊन चांगलं तापलं, माणसं परतली, गाडी रुळावर आली. मग मे. वळवाच्या सरी, आभाळ, पुन्हा सरी. मान्सून २४ मेला केरळात पोचला, नेहमीपेक्षा आठ दिवस आधी, २००९नंतर इतक्या लवकर पहिल्यांदाच. रोहिणी लागायच्या आदल्या दिवशी! विक्री ५,९००वर थांबली.

उरलं काय? तयार कूलर ३५०, सुट्या बॉडी २,५५०, मोटरी १,३००. अडकलेली रक्कम ९० लाख, २०२३च्या निम्मी. सांभाळण्याचा खर्च: तयार कूलरचे ३ लाख १५ हजार, बॉडीचे ७ लाख ६५ हजार, मोटरींवरचं व्याज १ लाख ६० हजार, मोटरवाल्याकडे बुडालेले ९० हजार. हुकलेल्या २०० ऑर्डरींचे २ लाख. सव्वापंधरा लाख.

मी हे जरा ऐटीत सांगितलं असावं. मामींनी चष्मा काढला. "तुझ्या पेपरवाल्याने ७,६०० सांगितले होते ना? सरळ तेवढे बनवून बसलो असतो तर? मागणी ६,१००. उरले १,५००. नऊशेने साडेतेरा लाख. तुझ्या हुशारीचे पावणेदोन लाख जास्त गेले."

गणित बिनचूक होतं. मी म्हटलं, मामी, यात एक गोष्ट धरलेली आहे. ते ७,६०० नेमके हव्या त्या प्रकारांत निघाले असते असं. या वर्षी तीनातले दोघे हनीकोम मागत आले. आपण दसऱ्याला निम्मे-निम्मे धरले होते. म्हणजे तयार ३,८०० हनीकोम असते आणि मागणी ४,०६७ची. २६७ कमी पडले असते आणि घासवाले तेवढे जास्त उरले असते. मिळून जवळपास १९ लाख. हे नुसतं पॅडचं, मापं आणि रंग वेगळेच. आणि उन्हाळा तापला असता तर ७,६००वर बसून १,४०० गिऱ्हाइकं परत पाठवावी लागली असती, साडेपंधरा लाखांची. एका पावसाळी सालावरून योजनेचं माप काढता येत नाही.

मामींनी चष्मा घातला. "हनीकोम नाही म्हटल्यावर निम्मे लोक घासवाला घेऊन जातात. हजार रुपये कमी केले की सगळेच." हे माझ्या हिशेबात कुठेच नव्हतं. किती लोक दुसऱ्या प्रकारावर राजी होतात ते आम्ही कधी मोजलं नाही, आणि ते मोजल्याशिवाय १९ लाखांचा आकडा माझ्या बाजूने थोडा फुगलेला आहे, हे मला कबूल करावं लागलं.

२०२५च्या दसऱ्याला पुन्हा तोच कागद समोर आला. बॉडी २,५५० शिल्लक, त्यांतल्या हजारापेक्षा जास्त २४ इंची. म्हणजे नव्या बॉडी डिसेंबरात सुरू केल्या तरी चालणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रेस आणि कोटिंग मोकळं. मामांच्या डोक्यात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या आहेत, गव्हाच्या हंगामात माळव्यात त्या खपतात. मी सावध करायला तोंड उघडलं, की तीही मागणी पिकावर, म्हणजे पुन्हा आभाळावरच. मामा म्हणाले, "पण दुसऱ्या आभाळावर. कूलरला जो पाऊस नको, तो पावसाळ्यात गव्हाच्या विहिरीला हवा." हे तपासून बघण्यासारखं आहे.

भगोरियाच्या आधी १,२०० कूलर फिट करून ठेवायचे, हे या वेळी तक्त्यात वर लिहिलं आहे. होळीची तारीख बघून मागे मोजायचं, महिना बघून नाही.

मामींची चौरेघी वही भरली. नवीन आणली आहे, तिच्यात एक रकाना वाढला आहे: 'हा नाही म्हटल्यावर काय नेलं'.